रिव्हर्स पडत नाही, म्हणजे हात बसला नाही का?

धरमपेठी (धागा सुरू करणारी):
परवा संध्याकाळी नागपूरच्या महाल भागात, केळीबाग रोडच्या आतल्या एका गल्लीत गाडी घातली. समोर संत्र्यांचा ठेला, मागे ई-रिक्षा हॉर्न वाजवतेय, आणि मला चार हात मागे यायचंय. क्लच दाबला, रिव्हर्स टाकला, कर्रर्र. पुन्हा टाकला, पुन्हा कर्रर्र. पानठेल्यावरचा एक जण म्हणतो, "ताई, गाडी रडून राहिली ना!" तिसऱ्यांदा पडला एकदाचा.

घरी सांगितलं तर नवरा म्हणाला, तुझा हात बसला नाही. सासरे म्हणाले, घाई करतेस. ज्यांच्याकडे शिकले त्या सरांना फोन केला, तर "थोडा जोर लावा मॅडम." सहा वर्षं गाडी चालवते मी. पहिला, दुसरा, तिसरा कधी कुरकुरले नाहीत. मग हात फक्त रिव्हर्सलाच कसा बसत नाही? माझं मत स्पष्ट आहे: यात चालवणाऱ्याचा दोष कमी आणि शिकवणाऱ्याचा जास्त. रिव्हर्स हा बाकीच्या गिअरांपेक्षा वेगळा असतो हे आपल्याला कोणी सांगतच नाही. पटत नसेल तर बोला.

जुना_पद्मिनीवाला:
पटत नाही. मी स्टिअरिंगवर गिअर असलेली पद्मिनी गाडी सीताबर्डीच्या गर्दीत चालवली आहे, तेही इतवारीचं सामान मागे भरून. आवाज आला म्हणजे पाय अर्धवट, एवढंच आम्हाला शिकवलं होतं. क्लच तळाला टेकवा. बाकी सगळी कारणं आहेत.

गिअरतेल:
काका, तुमचं अर्धं बरोबर आहे. पण क्लच तळाला टेकवूनही आवाज येऊ शकतो, आणि त्यात पायाची चूक नसते.

पुढच्या सगळ्या गिअरांची दातेरी चाकं तिरक्या दातांची असतात आणि कायम एकमेकांत अडकलेलीच असतात. गिअर टाकताना आपण फक्त कोणतं चाक शाफ्टला, म्हणजे फिरत्या दांड्याला, जखडायचं ते ठरवतो. त्या जागी एक पितळी रिंग असते, सिंक्रो. ती आधी घासून दोन्हीकडचा वेग सारखा करते, मग गिअर गपकन बसतो. बहुतेक साध्या गाड्यांत रिव्हर्सला ही रिंगच नसते. तिथे सरळ दातांचं एक तिसरं चाक सरकत येऊन दोन चाकांच्या मध्ये घुसतं, म्हणून चाकांची दिशा उलटते. मागे जाताना गाडी जो 'ऊंऽऽ' सूर काढते तो या सरळ दातांचाच.

आता अडचण कुठे होते ते पाहा. गाडी न्यूट्रलला, पाय क्लचवरून काढलेला, इंजिन आयडलिंगला, म्हणजे रेस न देता नुसतं चालू. म्हणजे गिअरबॉक्सचा आतला शाफ्ट मिनिटाला सात-आठशे फेरे घेतोय. क्लच दाबला की इंजिनशी त्याचा संबंध सुटतो, पण तो लगेच थांबत नाही. पंख्याचं बटण बंद केल्यावर पाती फिरत राहतात तसंच. चाकांकडची बाजू मात्र थांबलेली. फिरत्या दातांत थांबलेले दात घातले की कर्रर्र होणारच. दोन-तीन सेकंद थांबा, शाफ्ट शांत होतो, रिव्हर्स लोण्यासारखा पडतो. १९२८ मध्ये कॅडिलॅक या अमेरिकन गाडीवाल्यांनी सिंक्रोमेश, म्हणजे वेग जुळवायची ही सोय, आणली, त्याआधी सगळेच गिअर असे भांडायचे. रिव्हर्स अजून तिथेच आहे.

तर्री_पोहे:
एवढं कायले पाह्यजे बाप्पा? मागून हॉर्न वाजून राहिले अन् तुम्ही एक-दोन-तीन मोजत बसा! क्लच दाबा, पहिला टाका, पाय न उचलता लगेच रिव्हर्स टाका. झालं. आमच्या ट्रकवाल्या मामानं शिकवलं, आजपर्यंत आवाज नाही आला.

गिअरतेल:
मामांची युक्ती खरी आहे. पहिल्याची सिंक्रो रिंग तो फिरता शाफ्ट ब्रेक लावल्यासारखा थांबवते. गाडी उभी आहे, चाकं स्थिर आहेत, म्हणून शाफ्टही स्थिर. फक्त मध्ये क्लच सोडायचा नाही, नाहीतर शाफ्ट पुन्हा फिरायला लागतो.

महाल_वाडा:
मला हीच युक्ती पटत नाही. आमच्या वाड्याच्या दारासमोर दीड गाडी मावेल एवढी जागा, पुढे नाली. मुलाला मी हेच शिकवलं, 'पहिला मग रिव्हर्स'. एक दिवस पहिला टाकला, रिव्हर्स पडला असं वाटलं, क्लच सोडला आणि गाडी पुढे! नालीच्या काठावर थांबली म्हणून बरं. अनुभवी माणसाचं ठीक आहे, नवशिक्याच्या हातात हे द्यायचं नाही. त्याने थांबावं. हॉर्न वाजवणारा वाजवू दे, नागपुरात हॉर्नशिवाय कोणी गाडी चालवतं का?

बर्डीवरचा:
हे गाडीवरही अवलंबून आहे ना. पोलोमध्ये गिअरची दांडी खाली दाबून डावीकडे वर, म्हणजे पहिल्याच्या शेजारीच रिव्हर्स. नीट दाबली नाही तर पहिलाच पडतो. काही गाड्यांत दांडीवरची रिंग उचलावी लागते, तीही याचसाठी. स्विफ्टमध्ये तो पाचव्याच्या खाली, सगळ्या उजव्या टोकाला. तिथे पहिल्याशी गफलत होणं कठीण.

महाल_वाडा:
पण मग समृद्धी महामार्गावर पाचव्यातून चौथा घेताना भीती वाटते ती? दांडी सरळ खाली ओढली तर थेट रिव्हर्स.

गिअरतेल:
त्यासाठी बहुतेक गाड्यांत आत अडसर असतो. पाचव्यातून सरळ खाली येताच येत नाही, आधी न्यूट्रलला मध्यावर यावं लागतं. भीती रास्त आहे, पण ती सोय आधीच करून ठेवलेली असते.

ऑटोवाला_बंधू:
तुमच्या सगळ्यांच्या भांडणावर एक उपाय, एएमटी घ्या, म्हणजे आपोआप गिअर बदलणारी गाडी. दांडी आर-वर, म्हणजे रिव्हर्सवर, टाकली की संपलं.

गिअरतेल:
आत तोच गिअरबॉक्स, तोच क्लच. फक्त पाय आणि हाताचं काम मोटर करते. डी-मधून (पुढे जायच्या खुणेवरून) आर-वर टाकल्यावर क्षणभर काहीच होत नाही ना, तेव्हा गाडी जरा थांबून मगच रिव्हर्स घेते. तिला कोणी "जोर लाव" म्हणत नाही हा फरक.

जुना_पद्मिनीवाला:
म्हणजे शेवटी थांबणं आलंच. पण माझा मुद्दा तोच, दोन-दोन वेळा कर्रर्र होतं आणि बाकीचे गिअर नीट पडतात, तर पायात काहीतरी कमी आहे.

गिअरतेल:
ते घरच्या घरी तपासता येतं. धरमपेठी ताई, उद्या सकाळी गाडी सपाट जागी उभी करा, हँडब्रेक लावा, ब्रेकवर पाय ठेवा. इंजिन चालू, क्लच पूर्ण दाबा, दहापर्यंत मोजा, मग रिव्हर्स टाका. तरीही आवाज आला तर शाफ्ट थांबतच नाही, म्हणजे क्लच पूर्ण सुटत नाही. मग इंजिन बंद करून टाकून पाहा. बंद असताना मुकाट पडला तर संशय पक्का. क्लच केबल सैल असेल, तेलाच्या दाबावर चालणारा हायड्रॉलिक क्लच असेल तर तेल कमी किंवा आत हवा. पितळी रिंगा बाकीच्या गिअरांत हे झाकून टाकतात, म्हणून क्लचची तक्रार सगळ्यात आधी रिव्हर्सच सांगतो.

आणि इंजिन बंद असतानाही नुसता अडकत असेल, आवाज न करता, तर दातासमोर दात आलाय. न्यूट्रल करा, इंजिन चालू करून क्लच एकदा सोडा आणि परत दाबा. चाक थोडं फिरतं, मग पडतो. जोर लावू नका. दांडीवर लावलेला जोर चाक सरकवणाऱ्या आतल्या फोर्कवर जातो, तो वाकला तर गिअरबॉक्स खाली उतरवावा लागतो.

तर्री_पोहे:
अन् गाडी पुढे सरकत असतानाच रिव्हर्स टाकणारे पोट्टे? पार्किंगमध्ये स्टाईल मारून राहिले असतात.

गिअरतेल:
त्यांच्यासाठी गॅरेजवाले हात जोडून उभे आहेत.

धरमपेठी:
करून पाहिलं. इंजिन चालू असताना दहापर्यंत मोजूनही बारीक आवाज आला. बंद केल्यावर आवाज नाही. मग वाकून पेडलखाली पाहिलं. दिवाळीत सीताबर्डीवरून जाडजूड मॅटिंग बसवून घेतलं होतं, वर पुन्हा जुनी रबरी मॅट. तीच क्लचच्या मागे दुमडलेली. पेडल खाली जायला अंगठाभर जागा कमी पडत होती! रबरी मॅट काढली. आता आवाज बराच गेला, आणि जरा थांबले की अजिबात नाही. तरी गिअरतेल म्हणतात म्हणून शनिवारी केबल दाखवून येते.

माझं मूळ मत मात्र तसंच आहे. सहा वर्षांत एकाही माणसाने मला "खाली वाकून बघ" म्हटलं नाही, सगळ्यांनी हाताकडेच बोट दाखवलं.

जुना_पद्मिनीवाला:
मॅट काढल्यावर पेडल तळाला गेलं ना? म्हणजे पाय अर्धवटच होता. मी पहिल्याच उत्तरात काय लिहिलं होतं?