भीड मोडली तेव्हा : दुःखानंतर घेतलेल्या निर्णयांचे अनुभव

घरातले माणूस गेल्यानंतर आपण जे निर्णय घेतले, ते एरवी घेतले असते का, हा प्रश्न मला काही वर्षे सोडत नाही. म्हणून ज्यांच्या हाताखाली चार माणसे काम करतात, ज्यांना इतरांच्या वतीने होय किंवा नाही म्हणावे लागते, अशांना येथे लिहिण्याची विनंती करीत आहे. सांत्वनाचा मजकूर नको. निर्णय कोणता होता, तो आधी का जमत नव्हता आणि नंतर कसा जमला, एवढे लिहावे.

सुरुवात माझ्यापासून करते. सांगलीत आमचा लहानसा छापखाना आहे. यजमान २०१९ मध्ये गेले, तोवर मी केवळ हिशेबाच्या वह्या लिहीत असे. छापखान्याच्या धंद्याला काम कमी पडत नाही, त्याला उधारी मारते. कार्यअहवाल छापून नेणाऱ्या दोन मोठ्या गिऱ्हाइकांकडे आमचे तीन वर्षांचे येणे थकले होते आणि दोघेही यजमानांचे शाळासोबती असल्यामुळे यजमान कधी तोंड उघडत नसत. तेराव्यानंतर दहाव्या दिवशी मी वही घेऊन त्या गिऱ्हाइकांच्या दारात उभी राहिले. नातेवाइकांना ते शोभले नाही. मला मात्र त्या दिवशी समजले, की ज्या भिडेपायी ते गप्प बसत होते, ती त्यांच्याबरोबरच निघून गेली होती. ‘भीड भिकेची बहीण’ हे मी लहानपणापासून ऐकत होते. तिचा हिशेब रुपयांत प्रथमच मांडला. येणे पूर्ण वसूल झाले नाही, पण कामगारांचे दोन महिन्यांचे थकलेले पगार त्यातून निघाले आणि आगाऊ रक्कम घेतल्याशिवाय कागद कापायचा नाही, हा नियम तेव्हापासून सर्वांना लागू झाला.

विषय सुचला तो महर्षी कर्व्यांमुळे. त्यांच्या पहिल्या पत्नी राधाबाई १८९१ मध्ये वारल्या. पुनर्विवाहाबद्दलची त्यांची मते त्याआधीच बनलेली होती, पण मत असणे आणि स्वतः विधवेशी लग्न करून मुरुडच्या गावकऱ्यांचा बहिष्कार पत्करणे यांत अंतर आहे, आणि ते अंतर त्यांनी १८९३ मध्ये गोदूबाईंशी विवाह करून ओलांडले. १८९६ मध्ये विधवांसाठी संस्था काढणारे कर्वे त्या विवाहाशिवाय घडले असते का, हे सांगता येत नाही. आपले अनुभव वाचण्यास उत्सुक आहे.

चाकण परिसरातील एका कारखान्याचा उत्पादन व्यवस्थापक

माझा धाकटा भाऊ दुसऱ्या एका कारखान्यात प्रेस मशीनवर काम करीत असे. या मशीनला दोन बटणे असतात आणि दोन्ही एकाच वेळी दाबल्याशिवाय प्रेस खाली येत नाही. हेतू असा, की त्या क्षणी कामगाराचे दोन्ही हात साच्याबाहेर असावेत. नग वेगाने निघावेत म्हणून त्याच्या मशीनचे एक बटण चिकटपट्टीने कायमचे दाबून ठेवलेले होते. त्याचा हात गेला, जखमेत संसर्ग झाला आणि तीन आठवड्यांनी तोही गेला.

आता लिहिण्यास कठीण असलेली गोष्ट लिहितो. तशी चिकटपट्टी मी माझ्या स्वतःच्या कारखान्यातही पाहिली होती. एकदा नव्हे, अनेकदा. महिनाअखेर जवळ आली, की पर्यवेक्षक नजर दुसरीकडे वळवीत आणि मीही वळवीत असे, कारण गाड्या जोडणाऱ्या मोठ्या कंपनीची लाइन आपल्या मालावाचून थांबली तर होणारा दंड माझ्या खात्यावर लिहिला जाणार, हे मला पाठ होते.

भावाचे दिवस उरकून कामावर परतल्यावर पहिल्याच पाळीत मी एका मशीनवर तशी पट्टी पाहिली आणि संपूर्ण प्रेस विभाग बंद केला. परवानगी घेतली नाही. विद्युत विभागाकडून प्रत्येक बटणाची जोडणी तपासून घेतली आणि एक बटण सतत दाबलेले राहिले तर मशीनने पुढचा ठोका घेऊच नये, अशी व्यवस्था जेथे नव्हती तेथे करून घेतली. दोन पाळ्यांचे उत्पादन बुडाले. वरिष्ठांनी बोलावून घेतले तेव्हा मी राजीनामा लिहून खिशात ठेवला होता. तो द्यावा लागला नाही. लोक याला धैर्य म्हणतात. मला त्यात उशीरच अधिक दिसतो.

शिरोळ तालुक्यातील एक सरपंच

कोल्हापूर जिल्ह्यातील ज्या तालुक्यातून मी लिहीत आहे, तेथील हेरवाड ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि त्याच महिन्याच्या १७ तारखेला राज्याच्या ग्रामविकास विभागाने इतर ग्रामपंचायतींनाही त्याचे अनुकरण करण्याविषयी परिपत्रक काढले, हे बहुतेकांना माहीत असेल. आमचे गाव तेथून फार दूर नाही. महाराष्ट्रात पंचायतींतील निम्म्या जागा स्त्रियांसाठी राखीव असल्यामुळे मी निवडून आले होते, पण ग्रामपंचायतीत मी खरी दोनदाच बोलले असेन. निर्णय मिस्टर घेत आणि सही मी करीत असे. हे लपवण्यात अर्थ नाही.

मे २०२१ मध्ये दुसऱ्या लाटेत ते गेले. रुग्णालयातूनच परस्पर अंत्यविधी झाला आणि मला त्यांचे अखेरचे दर्शन झाले नाही. पण माझ्या बांगड्या फोडण्याचा आणि कुंकू पुसण्याचा विधी मात्र चुकला नाही. जमावबंदी असतानाही त्यासाठी पाच बायका आल्या. त्यांतल्या दोघी माझ्या जिवाभावाच्या होत्या आणि रडत रडत फोडत होत्या.

हेरवाडची बातमी आली तेव्हा मी ग्रामसेवकांना सांगितले, की पुढच्या ग्रामसभेच्या विषयपत्रिकेवर हा विषय घ्यावा आणि सूचक म्हणून माझे नाव लिहावे. तुम्ही स्वतः विधवा असताना सूचक झालात तर लोक स्वार्थ म्हणतील, दुसऱ्या कोणाचे नाव घालू, असा सल्ला त्यांनी चांगल्या मनाने दिला. मी तो मानला नाही. सभेत एका वडीलधाऱ्यांनी विचारले, की हे सगळे कोणत्या शास्त्रात बसते. शास्त्र मला ठाऊक नव्हते, पण जोतीरावांच्या अंत्ययात्रेत १८९० मध्ये सावित्रीबाईंनी स्वतः टिटवे, म्हणजे प्रेतापुढे न्यायचे मडके, धरले होते आणि तीन वर्षांनी सासवडला सत्यशोधक परिषदेचे अध्यक्षपदही भूषवले होते, हे शाळेत शिकलेले मी सांगितले. ठराव मंजूर झाला. हात वर न करणारेही बरेच होते.

ठराव कागदावर होतो. हळदीकुंकवाचे बोलावणे कागदावरून येत नाही. पहिल्या संक्रांतीला मी ग्रामपंचायतीच्या आवारात सर्व बायकांना बोलावले. माझ्या सासूबाईंना वैधव्य येऊन तीस वर्षे झाली आहेत. त्या आल्या, वाण घेतले, तिळगूळ घेतला आणि कुंकवाचा करंडा पुढे आल्यावर मान मागे घेतली. मी आग्रह केला नाही. त्यांचा तो नकार ठरावाविरुद्ध होता, की तीस वर्षांपूर्वी असा ठराव न करणाऱ्या गावाविरुद्ध, हे मला आजही कळलेले नाही.

मला त्याहून महत्त्वाचे वाटते ते पुढचे काम. दुसऱ्या लाटेत गावातील ज्या बायकांचे पती गेले, त्यांपैकी कोणाचेही नाव राहत्या घराच्या उताऱ्यावर नव्हते आणि दोघींना दिरांनी घर सोडण्यास सांगितले होते. आम्ही ग्रामपंचायतीच्या नमुना ८ मध्ये, म्हणजे घरपट्टीच्या नोंदवहीत, घराला पतीबरोबर पत्नीचे नाव लावण्याची मोहीम घेतली. कुंकवाच्या ठरावाला झाला नाही एवढा विरोध याला झाला, आणि तो उघड नव्हता. सभेत सगळे गप्प बसले आणि अर्ज मात्र येईनात. म्हणून दारोदार जाऊन अर्ज मी स्वतः भरून घेतले. मिस्टर असते तर त्यांनीच मला थांबवले असते, असे लिहिताना हात अडखळतो, परंतु ते खरे आहे.

एक निवृत्त मुख्याध्यापक, सातारा जिल्हा

वरील अनुभव वाचून संकोच वाटतो, कारण माझा अनुभव उलट आहे. माझा मुलगा एकोणिसाव्या वर्षी दुचाकीच्या अपघातात गेला. महिनाभरात मी शाळेत दुचाकी आणणाऱ्या विद्यार्थ्याला थेट घरी पाठवण्याचा नियम केला. अल्पवयीन मुलांनी गाडी चालवू नये हे योग्यच होते, त्यामुळे कोणी विरोध केला नाही. पुढे दहावीतील एक मुलगा आजारी आईला दवाखान्यात सोडून तसाच गाडीवरून पूर्वपरीक्षेला आला आणि मी त्याला फाटकातून परत पाठवले. त्याने नंतर शाळा सोडली.

वर्गशिक्षिकेला सर्व परिस्थिती माहीत होती. त्या का बोलल्या नाहीत, असे मी बऱ्याच वर्षांनी विचारले. त्या म्हणाल्या, “सर, तुमच्यापुढे तो विषय काढायचा कसा?” मूळ लेखात भीड मोडण्याविषयी लिहिले आहे. माझी मोडली, हे खरे. पण माझ्या दुःखाची भीड इतर सर्वांना पडली होती आणि त्यामुळे मला चूक दाखवणारे माणूस शाळेत उरले नव्हते. त्या काळात माझ्या निर्णयक्षमतेचे पुष्कळ कौतुक झाले.

रायगड जिल्ह्यातील एक वैद्यकीय अधिकारी

वडिलांना भातकापणीच्या वेळी फुरसे चावले. मी तेव्हा बारावीत होतो. पहिल्या दवाखान्याने पुढे पाठवले, दुसऱ्यानेही पुढे पाठवले आणि तिसऱ्याच्या वाटेवर ते गेले. आज मी प्राथमिक आरोग्य केंद्र सांभाळतो आणि ‘पुढे पाठवा’ या दोन शब्दांत किती भीती दडलेली असते, हे आतून पाहतो. आपल्याकडील प्रतिसर्पविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांच्या विषावर चालते, परंतु ते देताना रुग्णाला तीव्र ॲलर्जी होऊ शकते, आणि ती आपल्या टेबलावर होण्यापेक्षा रुग्ण रुग्णवाहिकेत असलेला बरा, असा विचार एकटा असलेला तरुण डॉक्टर करतो. मी त्याला दोष देणार नाही.

माझ्या केंद्रात मी एवढेच ठरवून दिले आहे, की दंशाचा रुग्ण आला की कोरड्या काचेच्या नळीत रक्त घेऊन वीस मिनिटे न हलवता ठेवायचे, ते गोठले नाही, म्हणजे विष रक्तात भिनल्याचे दिसले, तर ॲलर्जीवरचे ॲड्रेनॅलिन हाताशी ठेवून प्रतिसर्पविष येथेच सुरू करायचे आणि मग गाडी बोलवायची. अवघड जाईल त्याची जबाबदारी लेखी माझी राहील, असे परिचारिकांना सांगून ठेवले आहे. पहिल्या वेळी माझे हात थरथरत होते. वडिलांच्या आठवणीचा त्या क्षणी काही उपयोग झाला नाही; उपयोग झाला तो वर्षभर घोकून घेतलेल्या क्रमाचा. आठवणीचा उपयोग आधी झाला होता, तो क्रम घोकून घेण्यासाठी.

इतिहासाच्या एक निवृत्त प्राध्यापिका

डॉक्टरांच्या शेवटच्या दोन वाक्यांना जोडून अहिल्याबाई होळकरांविषयी लिहिते. पती खंडेराव १७५४ मध्ये कुंभेरीच्या वेढ्यात मारले गेले, सासरे मल्हारराव १७६६ मध्ये आणि पुत्र मालेराव १७६७ मध्ये गेले. त्यानंतर दिवाण गंगाधर यशवंत चंद्रचूड दत्तकाचा घाट घालत असताना आणि राघोबादादा फौजेनिशी माळव्याकडे येत असताना त्या खंबीर राहिल्या, ही कथा आपण दुःखातून उभ्या राहिलेल्या स्त्रीची म्हणून सांगतो. ती अपुरी आहे. मल्हाररावांनी त्यांना सती जाण्यापासून रोखले आणि पुढील बारा वर्षे कारभारात मुरवले. १७६५ च्या पत्रांत तर ते सुनेला तोफखाना आणि दारूगोळ्याच्या बंदोबस्ताच्या सूचना देताना दिसतात. संकट आले तेव्हा तयारी झालेली होती.

आणि याच बाईंना १७९१ मध्ये जावई यशवंतराव फणसे वारल्यावर मुलगी मुक्ताबाई सती जाताना थांबवता आले नाही. देशभर घाट आणि देवळे बांधणारा अधिकार त्या एका ठिकाणी चालला नाही. स्मरणसमारंभात हा भाग सहसा वगळला जातो.

मूळ लेखिका

मुख्याध्यापक सर, आपण लिहिल्यानंतर मी छापखान्यातील सर्वांत जुन्या कंपोझिटरना विचारले, की मी कोठे चुकते आहे असे तुम्हाला कधी वाटले का. आगाऊ रकमेच्या नियमामुळे कुस्तीच्या फडाची पत्रके छापणारी दोन गरीब तालीम मंडळे परत गेली, हे त्यांनी मला पाच वर्षांनी सांगितले.

यवतमाळ जिल्ह्यातून, आईच्या वतीने मुलगी

आई लिहीत नाही, म्हणून मी लिहिते. बाबांनी शेतात औषध घेतले तेव्हा मी सातवीत होते. आत्महत्या सरकारी मदतीस पात्र की अपात्र, हे समितीने ठरवायचे असते आणि पात्र ठरल्यास एक लाख रुपये मिळतात. आमचे प्रकरण अपात्र ठरले, कारण कर्ज बँकेचे नव्हते, सावकाराचे होते आणि त्याला कागद नव्हता. सातबाऱ्यावर वारस म्हणून नाव लागावे यासाठी आई तलाठी कार्यालयात किती वेळा गेली, याची मोजदाद नाही. प्रत्येक वेळी ती आणखी एका बाईला सोबत नेई, कारण त्या बाईचेही काम अडलेलेच असे. त्यातूनच तिचा गट तयार झाला, आणि नाव मात्र त्याला पुष्कळ उशिरा मिळाले.

मागील हंगामात व्यापाऱ्याने ओलाव्याच्या नावाखाली सोयाबीनचा भाव पाडला, तेव्हा आईने ओलावा मोजायचे मशीन पुन्हा लावायला सांगितले. तो म्हणाला, “बाई, आकडा तोच येईल.” आई पोत्यावर बसली आणि म्हणाली, “येऊ द्या. आम्ही अकरा जणी आहोत, प्रत्येकीच्या पोत्याला लावा.” दुसऱ्या वेळी आकडा दोनने उतरला. ती संध्याकाळी घरी आली तेव्हा तिचा आवाज बसलेला होता, आणि तिने मला बाबांची जुनी वही काढून त्यात सगळ्यांची वजने लिहून घ्यायला लावली.