पुन्हापुन्हा येणारा ताप: जनुक-चाचणी आधी, की निरीक्षण आधी?

केवडा
माझ्या मुलाच्या अंगावर पाचव्या महिन्यापासून पित्त उठायचे, सोबत ताप असायचा आणि संध्याकाळी डोळे लालबुंद व्हायचे. आम्ही आमसुलाचे पाणी लावत राहिलो, डॉक्टर ॲलर्जीची औषधे बदलत राहिले. त्या पुरळाला खाज जवळजवळ नसायची आणि गार वारा लागला की ते हमखास वाढायचे, याकडे मात्र कोणाचेच लक्ष गेले नाही. तीन वेळा टायफॉइड समजून अँटिबायोटिकचे कोर्स झाले. अखेर सातव्या वर्षी जनुक-चाचणीत एनएलआरपी३ या जनुकातला दोष सापडला. हा स्वयंदाहक आजार आहे. म्हणजे जंतू नसतानाही शरीराची उपजत संरक्षणयंत्रणा पेटून उठते. या जनुकाचा अशा आजाराशी असलेला संबंध २००१ पासून माहीत आहे. म्हणून माझे ठाम मत असे की, सहा महिने वारंवार ताप येत असेल, संसर्ग सापडत नसेल आणि प्रत्येक तापात सीआरपी (रक्तातील दाह दाखवणारे प्रथिन) चढत असेल, तर या आजारांच्या जनुकांचा संच विनाविलंब तपासावा.

पाऊलवाट
आपण सोसलेल्या सात वर्षांबद्दल मनापासून वाईट वाटते, तरीही बालरोगतज्ज्ञ म्हणून मी असहमत आहे. वारंवार तापाने येणाऱ्या बहुतेक मुलांना एकामागून एक विषाणुसंसर्ग झालेले असतात; काहींना ठरावीक आठवड्यांनी ताप, तोंडात फोड, घशाला सूज आणि मानेत गाठी असा आजार असतो, जो एका जनुकाचा नसतो आणि वयानुसार बहुधा आपोआप ओसरतो. या मुलांच्या रक्तात जनुकीय फरक शोधत बसलो, तर काहीतरी सापडतेच. कौटुंबिक भूमध्यसागरी ज्वर या आनुवंशिक आजाराशी जोडलेल्या एमईएफव्ही जनुकातील ई१४८क्यू हा बदल घ्या: तो आपल्याकडच्या निरोगी माणसांतही सर्रास आढळतो, पण अहवालात त्याचे नाव छापून आले की आईवडिलांची झोप उडते आणि कधीकधी मुलाला गरज नसताना कोल्चिसिन हे त्या ज्वराचे औषध सुरू होते.

त्यापेक्षा तापाची वही ठेवावी. कौटुंबिक भूमध्यसागरी ज्वरात ताप साधारण १२ ते ७२ तास टिकतो, मेव्हलोनेट कायनेज या विकराच्या (एन्झाइमच्या) कमतरतेत तो तीन ते सात दिवस राहतो आणि लसीकरणानंतर उसळू शकतो, तर टीएनएफ या दाह वाढवणाऱ्या प्रथिनाच्या ग्राहकातील दोषात आठवडा उलटला तरी उतरत नाही. हे वहीतून कळते आणि वहीला खर्च नाही. शिवाय आपल्याच हकिकतीत खाज नसलेले, थंडीने वाढणारे पुरळ होते. निदान तिथेच दडलेले होते.

शिशिर
दोघांच्याही बोलण्यात एक आजार सुटला आहे. एडीए२ या विकराची कमतरता २०१४ मध्ये प्रथम वर्णिली गेली. त्यात लहान वयात ताप येतो, कातडीवर जाळीदार डाग दिसतात आणि मेंदूत रक्तपुरवठा तुटून पक्षाघात होतो. अशा मुलाची वही भरेपर्यंत थांबणे म्हणजे दुसऱ्या झटक्याची वाट पाहणे. रक्तातील विकराची क्रियाशीलता मोजली तरी दिशा मिळते, आणि टीएनएफ रोखणाऱ्या औषधांनी हे झटके टाळता येतात. हा आजार आईवडील दोघांकडून दोष आल्यावर होतो. मामाच्या मुलीशी लग्न करण्याची रीत आपल्याकडे आहे, तेव्हा नात्यातल्या लग्नाविषयी डॉक्टरांनी संकोच न करता विचारलेच पाहिजे.

केवडा
पाऊलवाट, निदान पुरळात दडलेले होते हे मला मान्य आहे, पण ते वाचणारे कोणी भेटले नाही, हाच माझा मुद्दा आहे. माझ्या यजमानांना लहानपणापासून ‘पित्ताचा त्रास’ आहे आणि सासूबाईंना चाळिशीतच कमी ऐकू येऊ लागले. हे दोन्ही त्याच जनुकाचे देणे असू शकते, हा प्रश्न आम्हांला अहवाल हाती आल्यानंतर विचारला गेला, त्याआधी एकदाही नाही. चाचणीने नुसते उत्तर दिले नाही, प्रश्न विचारायला लावले. आता इंटरल्युकिन-१ हे दाह पेटवणारे प्रथिन रोखणारे औषध सुरू आहे आणि डिसेंबरच्या सकाळी तो स्वेटर न घालता अंगणात पळतो.

पाऊलवाट
त्याचा आनंद आहे. तरी एक सांगतो: याच एनएलआरपी३ चा दोष काही मुलांच्या मोजक्याच पेशींत असतो आणि नेहमीच्या चाचणीतून निसटतो. असा कोरा अहवाल आला असता, तर ‘जनुक-चाचणी झाली, काही नाही’ म्हणून आपल्या मुलाची फाइल बंद झाली असती, ही मला खरी भीती वाटते. २०१९ च्या युरोपीय वर्गीकरण-निकषांत लक्षणे आणि जनुके यांची सांगड घातली आहे ती याचसाठी. असो. यजमानांच्या आणि सासूबाईंच्या लघवीतील प्रथिने तपासली आहेत का? वर्षानुवर्षे दाह राहिला की अमायलॉइड नावाचे प्रथिन साठून मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात.

केवडा
यजमानांची तपासणी झाली, प्रथिने नाहीत. सासूबाई ‘या वयात कशाला’ म्हणून टाळत होत्या. त्यांना आपला प्रतिसाद मोठ्याने वाचून दाखवला. सोमवारी नमुना देणार आहेत.