मदत हवी आहे: स्वतः बनवलेला ब्रश चौकोनी ठसा उमटवतोय, रंगही बदलत नाही

शाईचा_थेंब: कोरड्या कुंचल्याचे फटकारे कागदावर मारले, स्कॅन केले आणि चित्रं काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये त्यातल्या एकाचा ब्रश बनवला. यादीत ब्रश व्यवस्थित दिसतो. पण रंग कोणताही घ्या, उमटतो काळाच. शिवाय प्रत्येक ठशाभोवती पांढरा चौकोन. पांढऱ्या पानावर कळत नाही, निळ्या थरावर फिरवला की पांढरे पट्टे पडतात. व्हिडिओत दाखवलंय तसंच सगळं केलंय. मुखपृष्ठाचं काम अडलंय, उद्या सकाळी द्यायचंय. प्लीज लवकर सांगा.

रेघोट्या: सॉफ्टवेअर कुठलं, आवृत्ती कुठली, ब्रशची फाइल कुठल्या प्रकारात सेव्ह केलीत? हे सांगितल्याशिवाय कुणीच काही सांगू शकणार नाही.

गडद_निळा: फटकाऱ्याभोवती सिलेक्शन करा, एडिट मेनूतून डिफाइन ब्रश प्रीसेट. फोटोशॉप आपणहून ग्रेस्केल, म्हणजे नुसत्या काळ्या-करड्या छटांचं, करून घेतं, त्यामुळे रंगाचा प्रश्नच येत नाही. मी कायम असेच बनवतो.

शाईचा_थेंब: फोटोशॉप नाही हो, गिंप. २.१०. जीबीआर, म्हणजे गिंपच्या ब्रशची फाइल केलीय.

रेघोट्या: आणि इमेजचा मोड? आरजीबी म्हणजे रंगीत, की ग्रेस्केल? खिडकीच्या वरच्या पट्टीवर लिहिलेलं असतं.

शाईचा_थेंब: आरजीबी. पण चित्र तर काळं-पांढरंच आहे, त्याने काय फरक पडतो?

थर_पे_थर: क्रिता या चित्रकलेच्या सॉफ्टवेअरवर या, सगळी कटकट संपेल. रंगीत ब्रशटिप अल्फा मास्क (नुसता आकार, रंग आपला) म्हणून वापरायची की रंगीत चित्र म्हणून, की लाइटनेस मॅप (उजळ-गडदपणा चित्राचा, रंग आपला) म्हणून, हे ब्रशच्या सेटिंगमध्येच ठरवता येतं. फाइल पुन्हा बनवावी लागत नाही.

रेघोट्या: क्रिता उत्तम आहे, वाद नाही. पण ज्याला उद्या सकाळी काम द्यायचंय त्याला आज रात्री नवं सॉफ्टवेअर शिकायला लावू नका.

थेंब, फरक तिथेच पडतो. आरजीबी ब्रश म्हणजे गिंपसाठी रंगीत शिक्का. तो स्वतःचे रंग घेऊनच येतो, तुम्ही निवडलेल्या फोरग्राउंड रंगाकडे बघतच नाही. मागचा कागदही त्याच्यासाठी पांढरा रंगच, म्हणून तो चौकोन. ग्रेस्केल ब्रशमध्ये मात्र काळा म्हणजे पूर्ण रंग, पांढरा म्हणजे काहीच नाही, मधले करडे म्हणजे अर्धवट पारदर्शक. तेव्हा इमेज > मोड > ग्रेस्केल. मग इमेज > फ्लॅटन इमेज, म्हणजे अल्फा चॅनल (पारदर्शकतेची माहिती) जाईल. त्याआधी बॅकग्राउंड रंग पांढरा आहे ना ते बघा, नाहीतर पारदर्शक भागात भलताच रंग भरला जाईल. पुन्हा जीबीआर म्हणून एक्स्पोर्ट करा आणि ब्रशेसच्या फलकात रिफ्रेश दाबा.

पेनवाली: टॅबलेट वापरता का? एडिट > इनपुट डिव्हायसेसमध्ये पेनचा मोड डिसेबल्ड असतो, तो स्क्रीन करा. माझा ब्रश दाबाप्रमाणे बारीक-जाड होतच नव्हता, तो याने सुरू झाला.

शाईचा_थेंब: ताई, दाबाचा काही प्रॉब्लेम नाहीये. @रेघोट्या, रंग आता बदलतोय, पण चौकोन गेलेला नाही! पांढऱ्याऐवजी पुसट निळसर दिसतो, आणि ब्रश फिरवत राहिलं की गडद होत जातो. अल्फाही काढलाय.

रेघोट्या: कलर पिकरने फटकाऱ्याबाहेरचा कोरा कागद तपासा. मूळ स्कॅनमध्ये हं, ब्रशने काढलेल्या चित्रात नाही. आकडा किती येतो?

शाईचा_थेंब: मध्ये २३५, खालच्या कोपऱ्यात २२०. दिसायला पांढराच आहे.

रेघोट्या: डोळ्याला पांढरा. ब्रशच्या हिशेबात २५५ म्हणजेच पांढरा. २३५ असेल तर सगळ्या चौकोनात साधारण ८ टक्के रंग उतरतो, २२० ला जवळजवळ १४. आणि ठसे एकावर एक पडत जातात, म्हणून तो साचून गडद होतो. कलर्स > लेव्हल्स उघडा, पांढऱ्या बिंदूचा ड्रॉपर घ्या आणि कागदाच्या सगळ्यात मळकट भागावर टिचकी मारा, म्हणजे तो २२० वाला कोपरा. मधल्या भागावर मारलीत तर कोपरा राहील.

ठसठशीत: एवढं कशाला? थ्रेशोल्ड लावा. एका फटक्यात काळं काळं, पांढरं पांढरं.

रेघोट्या: कोरड्या कुंचल्याला थ्रेशोल्ड? जिथे शाई संपत आलीय, कागदाचे कण मधून दिसतात, तो करडा भागच तर या फटकाऱ्याचा जीव आहे. थ्रेशोल्डने त्याच्या कडा दातेरी होतील.

ठसठशीत: मोठा स्कॅन करून थ्रेशोल्ड लावा आणि मग लहान करा, कडा मऊ होतात. मी नेहमी तेच करतो आणि छपाईत काही वाईट दिसत नाही.

पेनवाली: अक्षरांना चालेल ते. पोत हवा असेल तर लेव्हल्सच.

नवा_भिडू: डाउनलोड केलेला ब्रश दिसत नसेल तर झिप उघडून आतली एबीआर (फोटोशॉपच्या ब्रशची) फाइल ब्रशेस फोल्डरमध्ये टाका. गिंपला एबीआर चालते, फक्त फोटोशॉपमधली डायनॅमिक्स सेटिंग्ज येत नाहीत.

गडद_निळा: डाउनलोड केलेला नाही, त्यांनी स्वतः बनवलाय. वर वाचा.

शाईचा_थेंब: गेला चौकोन! लेव्हल्सनंतर कोपरे २५५, आणि मधले कणही शाबूत आहेत. खूप खूप आभार रेघोट्या. फक्त फटकाऱ्याचं डावं टोक सरळ कापल्यासारखं उमटतंय. आणि तोच फटकारा पुन्हा पुन्हा आला की शिक्का मारलेला कळतो. वेगवेगळे पाच-सहा आलटून पालटून आणता येतील का?

रेघोट्या: टोक कापलं जातंय म्हणजे शाई चित्राच्या कडेला टेकलीय. क्रॉप करताना चहूबाजूंनी थोडा पांढरा कागद राहू द्या.

आलटून पालटूनसाठी जीआयएच प्रकार आहे, एकाच ब्रशमध्ये अनेक ठसे मावणारा. प्रत्येक फटकारा वेगळ्या थरावर, सगळे थर इमेजच्या मापाचे, मोड ग्रेस्केल. इथे फ्लॅटन करू नका, सगळे थर एक होतील. एकेका थरावर लेयर > ट्रान्सपरन्सी > रिमूव्ह अल्फा चॅनल करा. एक्स्पोर्ट करताना सेलची (म्हणजे ठशांची) संख्या आणि रँक दोन्हीकडे थरांची संख्या टाका, निवड रँडम ठेवा. पण आधी उद्याचं मुखपृष्ठ एकाच ब्रशवर उरका, हे नंतर.

थर_पे_थर: क्रितातही जीआयएच उघडते बरं का.