मदत हवी आहे: फी येणेबाकीचे ग्रुप कसे पाडायचे? अर्जंट

जमाखर्च_सोलापूर: कॉलेजच्या अकाउंट्सला आहे. वर्गवार फीची मागणीपत्रं काढायचीत म्हणून येणेबाकीचे ग्रुप पाडले. तर मागच्या मार्चच्या यादीत एसवायखाली (दुसऱ्या वर्षाखाली) भलतीच मुलं दिसताहेत. गड्ड्याच्या (सिद्धेश्वर यात्रेच्या) आधी दुसरा हप्ता वसूल करा म्हणून प्राचार्य मागे लागलेत. लवकर सांगा.

होटगीरोडकर: सॉफ्टवेअर कुठलं ते तर सांगा की.

जमाखर्च_सोलापूर: टॅली. दुसरं काय असणार?

होटगीरोडकर: प्राइम का जुनं? मुलागणिक लेजर (खातं) आहे का वर्गाला एक? बिल-बाय-बिल चालू आहे, म्हणजे दर बिलाची बाकी वेगळी दिसते?

जमाखर्च_सोलापूर: प्राइम. मुलागणिक लेजर. संड्री डेटर्सखाली (येणेकऱ्यांखाली) एफवाय, एसवाय, टीवाय असे ग्रुप. जूनमध्ये एफवायची मुलं एसवायखाली ढकलली. बिल-बाय-बिलचं बघून सांगतो, आधीच्या क्लार्कने केलंय सगळं.

निवृत्त_हेडक्लार्क: मुलागणिक लेजर हवंच कशाला? वर्गाला एक खातं, बाकी सगळं फी रजिस्टरात. बाकी लाल शाईने. ऑडिटर चहा पिऊन जायचा.

कॉमर्सवाली: काका, आणि कुणी टीसी मागायला आलं की अख्खं रजिस्टर चाळत बसायचं?

निवृत्त_हेडक्लार्क: चाळायचं! पगार कशाचा घेतो?

पार्कचौक_टॅक्स: पदवीच्या फीवर जीएसटी माफ आहे. मागणीपत्रावर चुकून १८ टक्के लावू नका.

जमाखर्च_सोलापूर: जीएसटीचं विचारलंच नाही सर.

होटगीरोडकर: घोळ त्या ढकलण्यातच आहे. टॅलीत लेजर एकाच ग्रुपखाली राहतं, आणि ग्रुप बदलला की मागच्या तारखांनाही नवाच ग्रुप लागतो. आज एसवायला असलेला मुलगा गेल्या मार्चच्या यादीतही एसवायलाच दिसणार. डेटर्सची एकूण बेरीज हलत नाही, आतली फोड हलते. दरवर्षी बदलतं त्याचा ग्रुप करूच नये. प्रवेशाच्या वर्षाचा करा, 'बीकॉम प्रवेश २०२४-२५' असा. मुलगा नापास झाला तरी तिथंच राहतो. वर्ग आणि हप्ता बिलाच्या नंबरात घाला: 'एसवाय/२५-२६/हप्ता २'. पावती करताना त्याच बिलाला अगेन्स्ट रेफ द्या, म्हणजे पावती त्या बिलाला जोडा. ऑन अकाउंट, म्हणजे बिलाला न जोडता, टाकलं की पैसे जमा होतात, पण बिल उघडंच राहतं आणि भरलेल्याच्या घरी मागणीपत्र जातं. मग त्याचा बाप येतो काउंटरला!

कॉमर्सवाली: शिष्यवृत्तीवाली मुलं वेगळी काढलीत ना?

जमाखर्च_सोलापूर: नाही. निम्मा वर्ग महाडीबीटीचा (शासनाच्या शिष्यवृत्ती पोर्टलचा) आहे.

होटगीरोडकर: हे आत्ता सांगताय होय!

कॉमर्सवाली: आमच्याकडे 'शासनाकडून येणे' असा वेगळा ग्रुप आहे, त्यात योजनेगणिक लेजर. अर्ज मंजूर झाला की शासन जेवढं कॉलेजला देणार तेवढीच रक्कम जर्नलने (खात्यातून खात्यात वळवायच्या नोंदीने) मुलाच्या खात्यातून तिकडे नेतो. पण सरसकट करू नका. अनुसूचित जातीच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीत केंद्राचा ६० टक्के हिस्सा २०२१-२२ पासून थेट मुलाच्या बँक खात्यात जातो. तो शासनाच्या नावावर टाकलात तर जन्मभर येणं दिसत राहील. तेवढी रक्कम मुलाच्याच नावावर ठेवा. मात्र त्याला मागणीपत्र पाठवायच्या आधी पैसे आलेत का विचारा. आले नसतील तर तो कुठून भरणार?

निवृत्त_हेडक्लार्क: गड्ड्याच्या आधी फी कोण भरतंय? पोरं होम मैदानावर पाळण्यात.

जुळेसोलापूरची: कॉलेज कुठलं? क्लार्कची जागा आहे का? बीकॉम झालंय, टॅली येतं.

जमाखर्च_सोलापूर: जागा भरली असती तर मी एकटा इथं कशाला असतो ताई. बिल-बाय-बिल बघितलं, निम्म्या लेजरना 'नो' आहे. आता 'यस' केलं की झालं ना?

होटगीरोडकर: नाही होत. जुन्या नोंदींना बिल नंबर नाहीत, त्या आपोआप जुळत नाहीत. आज यादी एक्सेलमध्ये काढा, शेजारच्या कॉलममध्ये वर्ग टाका आणि त्यावरून मागणीपत्रं पाठवा. टॅलीतलं नंतर निवांत करा. ग्रुप बदलायला एकेक लेजर उघडू नका, चार्ट ऑफ अकाउंट्समध्ये मल्टी अल्टर आहे.

निवृत्त_हेडक्लार्क: आधी बॅकअप घ्या. पेनड्राइव्हवर, त्याच कॉम्प्युटरवर नको.