न्यूटननंतरही भिंगं टिकलीच की
न्यूटनने १६६८ मध्ये आरशाची दुर्बीण केली आणि भिंगांच्या दुर्बिणींचा खेळ खल्लास, असं काही जण म्हणतात, ते काही मला पटत नाही. तेव्हाचे आरसे धातूचे असायचे, काळे पडायचे, परत परत पॉलिश करत बसा, आणि उजेडही बराच खायचे. उलट १७५८ मध्ये डॉलंड या इंग्रज भिंग-कारागिराने दोन प्रकारच्या काचा जोडून भिंगातून दिसणाऱ्या चित्राच्या कडेची रंगांची झालर बरीच कमी केली, मग भिंगं वाढतच गेली ती थेट अमेरिकेतल्या यर्किस वेधशाळेच्या १८९७ च्या ४० इंची भिंगापर्यंत. तिथे मात्र गाडी अडली, कारण भिंगाला आधार फक्त कडेनेच देता येतो, स्वतःच्याच वजनाने वाकतं बिचारं. आरशाला पाठीमागून हवा तेवढा टेकू देता येतो ना! शिवाय तोवर काचेवर चांदीचा थर द्यायची सोय झाली होती, माझ्या मते खरी बाजी तिनेच पलटवली.