मदत हवी आहे: गस्तीच्या बोटी बदलताना संख्या कशी ठरवतात?

कॉलेजात संरक्षणशास्त्राचं प्रेझेंटेशन आहे सोमवारी, विषय घेतलाय ऑस्ट्रेलियन नेव्हीच्या जुन्या गस्ती बोटी बदलणं (सोलापुरात समुद्र म्हणजे सिद्धेश्वर तलाव, हसू नका). आर्मिडेल क्लासच्या (क्लास म्हणजे एकाच आराखड्याच्या बोटी) 14 बोटी, 57 मीटरच्या, अॅल्युमिनियमच्या, 2005 पासून आलेल्या. त्यांच्या जागी 80 मीटरची स्टीलची अराफुरा ठरली, आधी 12 आणि 2024 मधे एकदम 6 च केल्या, आणि मधल्या काळासाठी परत अॅल्युमिनियमच्याच केप क्लास घेतल्या!

अॅल्युमिनियम सोडून स्टील का, हे धातूचं कोडं सुटलंय. अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका वेल्डर काकांनी अॅल्युमिनियमचा वेल्ड केलेला तुकडा वाकवून दाखवला, जोड शाबूत आणि तडा बरोबर त्याच्या शेजारी, उष्णतेनं तिथं अॅल्युमिनियम मऊ पडतं म्हणे. वेग, लांबी, क्रू याचा तक्ता पण केलाय, पण त्यातून संख्या काय निघंना.

गुप्त काही नको, आपल्या कोस्ट गार्डचं उदाहरण दिलं तरी चालतंय, फक्त हिशोबाची पद्धत हवी. रिफिट (गोदीतली मोठी दुरुस्ती), ट्रेनिंग आणि जाण्यायेण्याचे दिवस वजा करून एक बोट कायम समुद्रात ठेवायला एकूण किती बोटी धरायच्या, आणि बोट मोठी घेतली की हा आकडा खरंच कमी होतो का?