पशुवैद्यक महाविद्यालयाला देणगी द्यावी की गोशाळेला?

परळचा माजी विद्यार्थी:
सरकारी पशुवैद्यक महाविद्यालयाला देणगी देणे म्हणजे समुद्रात पाणी ओतणे आहे, त्यापेक्षा गोशाळेत चाऱ्याची एक गाडी उतरवली तर मुक्या जनावराच्या पोटात तरी काही जाते, असे परवा येथे एका सदस्याने लिहिले आणि त्याला भरभरून दुजोरा मिळाला. मला ते वाचून संताप आला, म्हणून सविस्तर लिहितो.

मुंबईतील परळचे पशुवैद्यक महाविद्यालय १८८६ मध्ये सुरू झाले ते दिनशा माणेकजी पेटिट यांच्या दानातून उभ्या राहिलेल्या, त्यांच्या पत्नीचे म्हणजे बाई साकरबाईंचे नाव असलेल्या जनावरांच्या दवाखान्याच्या आवारात. दवाखाना आणि महाविद्यालय आजही त्याच आवारात आहेत. धर्मादाय पैसा नसता तर सरकारने तो पहिला वर्ग कोठे भरवला असता?

वेतन सरकार देते, हे मान्य. अडते ते वेतनाच्या पलीकडे. नंतर मी एका दुसऱ्या महाविद्यालयात काही काळ शिकवत होतो. त्याचे नाव घेत नाही. व्यायल्यानंतर खाली बसलेली गाय वेळेत उभी केली नाही तर स्वतःच्याच वजनाखाली तिच्या मांडीचे स्नायू दबतात आणि ती पुन्हा उठत नाही. तिच्या छातीखालून आणि कमरेखालून रुंद पट्टे घालून तिला चेन-कप्पीने उचलावे लागते. तेथील पट्टे कुजले होते आणि मुले गोणपाट दुमडून, शिवून तात्पुरते पट्टे करत. नव्या पट्ट्यांचा प्रस्ताव एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर फिरत राहिला. शेवटी एका जुन्या विद्यार्थ्याने पैसे दिले आणि आठवड्याच्या आत पट्टे आले. हे समुद्रात पाणी आहे का?

गोशाळा विश्वस्त, नाशिक:
ते वाक्य माझे होते आणि मी ते मागे घेणार नाही. दानाचा इतिहास आपण १८८६ पासून सांगता, तर मी त्याहून मागे जातो. मुंबईत १८३२ मध्ये भटक्या कुत्र्यांना मारण्यावरून दंगल झाली, त्यानंतर १८३४ मध्ये जमशेटजी जीजीभाई आणि अमीचंद शहा यांनी पांजरपोळ, म्हणजे निराधार जनावरांचा आश्रय, काढला; तेव्हा महाविद्यालय नव्हते, तरी दान थेट जनावरापर्यंत पोहोचले. २०१५ पासून राज्यात बैलांच्या कत्तलीवरही बंदी आहे. बंदी सरकारने घातली, पण शेतकरी भाकड जनावर आमच्या दारात बांधून जातो, त्याच्या वैरणीचा खर्च कोण देतो, हे मला कोणी सांगावे. उपाशी जनावराला पाच वर्षांनी पदवी घेऊन येणारा डॉक्टर आज उपयोगाचा नाही. शिवाय सरकारी संस्थेला दिलेल्या पैशाची पावती मिळते, हिशेब मिळत नाही.

परळचा माजी विद्यार्थी:
वैरणीची गरज मी नाकारत नाही. परंतु रस्त्यावरून आलेल्या गायीचे पोट फुगते, तेव्हा कोठीपोट उघडून प्लास्टिकच्या पिशव्यांचा घट्ट गोळा, दोऱ्या आणि खिळे कोण काढतो? ती शस्त्रक्रिया ज्याने विद्यार्थिदशेत स्वतःच्या हाताने केलेली नाही, त्याला तुम्ही तुमच्या गोशाळेत बोलवाल का?

दूध उत्पादक, लातूर:
आपल्या दोघांच्या वादात ज्याच्या दावणीला जनावर आहे तो कोठेच दिसत नाही, म्हणून मध्ये बोलतो. आमच्या जिल्ह्यातच, उदगीरला, महाविद्यालय आहे. त्याचा मला अभिमान आहे. पण माझी म्हैस रात्री अडली तेव्हा आमच्या गावच्या दवाखान्याला कुलूप होते, फिरत्या पशुवैद्यकीय पथकाच्या १९६२ क्रमांकावर फोन केल्यावर गाडी दूर असल्याचे कळले आणि शेवटी पदवी नसलेल्या माणसाने रेडकू ओढून काढले. रेडकू गेले, म्हैस वाचली. साडेपाच वर्षे शिकून मुले स्पर्धा परीक्षेला बसतात नाहीतर शहरात कुत्र्या-मांजरांचा दवाखाना काढतात. त्यांच्या शिक्षणासाठी मी खिशातून पैसे का काढावेत? मणिभाई देसाईंनी १९६७ मध्ये उरुळी कांचनला बाएफ ही संस्था सुरू केली आणि कृत्रिम रेतन शेतकऱ्याच्या दारापर्यंत नेले. दान द्यायचे तर अशा कामाला द्यावे.

पशुधन विकास अधिकारी, विदर्भ:
कुलपाचे दुःख आपले आहे तसे माझेही आहे, कारण मी स्वतःच्या दवाखान्यासोबत आणखी दोन दवाखान्यांचा कार्यभार सांभाळते. पाच हजार जनावरांमागे एक पशुवैद्यक असावा, असे राष्ट्रीय कृषी आयोगाने सांगून किती तरी वर्षे झाली. २०१९ च्या पशुगणनेत राज्यातील पशुधन ३ कोटी ३० लाखांच्या आसपास होते. पदे किती आणि त्यांतील भरलेली किती, हे आपण जिल्हा परिषदेत जाऊन विचारावे. पोरे शहरात पळतात असे म्हणणे सोपे आहे. रात्री दोन वाजता शेणात गुडघे टेकून, खांद्यापर्यंत हात घालून वासराची मान सरळ करणाऱ्या मुलीला तिच्या गावात राहायला धड निवासस्थानही नसते.

सेवानिवृत्त पशुधन पर्यवेक्षक:
लातूरच्या दादांनी 'पदवी नसलेला माणूस' म्हटले, ते मला लागले. श्रेणी-२ चे, म्हणजे पदवीधर डॉक्टर नसलेले, दवाखाने आम्ही पदविकाधारकांनीच चालवले, लसीकरण आम्ही केले, लंपीच्या साथीत गोठ्या-गोठ्यांत आम्ही हिंडलो. आणि १९८४ च्या भारतीय पशुवैद्यक परिषद कायद्याचे कलम ३० दाखवून नोंदणीकृत डॉक्टरच्या देखरेखीशिवाय सुईला हात लावू नका, असे आम्हालाच सांगितले जाते. देखरेख करणारा तीस किलोमीटरवर असेल तर जनावर मरू द्यायचे का?

पशुधन विकास अधिकारी, विदर्भ:
आपल्या कामाचा मान राखूनच सांगते, अडलेल्या गायीला कळा आणणारे ऑक्सिटोसिन अंदाजाने टोचून गर्भाशय फाटलेले मी पाहिले आहे. कायदा डॉक्टरांच्या मिजाशीसाठी केलेला नाही.

सेवानिवृत्त पशुधन पर्यवेक्षक:
ताई, चुकीचे औषध टोचलेले मी पदवीधरांच्या हातूनही पाहिले आहे. सगळा दोष आमच्या माथी मारू नका. चाळीसएक गावे मी सायकलवरून सांभाळली आहेत.

दूध उत्पादक, लातूर:
तुम्ही दोघे एकमेकांची पदवी मोजत बसा. म्हैस माझी होती.

लेखापाल, पुणे:
पैशाविषयी दोन गोष्टी स्पष्ट करतो, कारण त्यांवरून गैरसमज दिसतो. कंपन्यांनी सामाजिक दायित्वाचा (सीएसआर) पैसा कशावर खर्चावा याची यादी कंपनी कायदा, २०१३ च्या सातव्या अनुसूचीत आहे आणि तीत प्राणिकल्याण आणि शिक्षण हे दोन्ही विषय आहेत, त्यामुळे कंपनीला गोशाळा आणि महाविद्यालय यांपैकी काहीही निवडता येते. व्यक्तीचे म्हणाल तर नव्या करप्रणालीत देणगीवरची वजावट मिळतच नाही. ज्याने ती प्रणाली घेतली आहे त्याने करसवलतीवरून गोशाळा की महाविद्यालय हे ठरवू नये. मुंबईत महालक्ष्मीला टाटा ट्रस्ट्सने २०२४ मध्ये कुत्र्या-मांजरांसारख्या लहान प्राण्यांचे रुग्णालय उघडले, त्यावर १६५ कोटी रुपये खर्च झाल्याच्या बातम्या आल्या होत्या. मोठा दाताही शहराकडेच वळतो, त्यामुळे सारे शहराकडे जाते ही लातूरच्या सदस्यांची तक्रार मला अगदीच चुकीची वाटत नाही.

परळचा माजी विद्यार्थी:
मलाही नाही. म्हणून तर म्हणतो की गुरांच्या शस्त्रक्रियेसाठी, फिरत्या दवाखान्यासाठी, गावात आंतरवासिता (इंटर्नशिप) करणाऱ्या मुलांच्या राहण्यासाठी वस्तुरूपाने द्यावे. बाएफचे उदाहरण चांगले आहे, पण तिच्या कामामागेही कोठेतरी शिकलेले पशुवैद्यक होतेच. नाशिकच्या विश्वस्तांचा हिशेबाचा मुद्दा मात्र मला खोडता येत नाही. दात्याला खर्चाचा तपशील मिळालाच पाहिजे.

गोशाळा विश्वस्त, नाशिक:
मुद्दा मान्य झाला, याची नोंद घेतो. आमच्या गोशाळेत महिन्यातून एकदा शिकाऊ डॉक्टर आणि त्यांचे प्राध्यापक येणार असतील, तर त्यांच्या औषधांचा खर्च आम्ही करू. महाविद्यालयाच्या खात्यात मात्र एक रुपयाही भरणार नाही.

दूध उत्पादक, लातूर:
चेन-कप्पी आणि पट्टे यांची किंमत कोणीतरी येथे लिहा. आमच्या दूध संस्थेच्या बैठकीत विषय ठेवतो. अट एकच आहे : तो संच महाविद्यालयाच्या भांडारात बंद राहणार नाही, तालुक्यातील कोणाचीही गाय बसली तर तो गाडीतून गोठ्यावर येईल आणि सोबत शिकणारी दोन पोरे असतील. ही अट लेखी मिळाली तरच बोला.